व्हेनेराच्या वजनाची स्प्रिंग

आमच्या कातानियात रस्त्यांना रस्ते म्हणायचं ते उगाच. ज्वालामुखीच्या डोंगरातून वाहून येऊन थिजलेला काळा दगड. त्याच्या लाद्या तोडायच्या, मातीवर एकीशेजारी एक मांडायच्या, झाला रस्ता! एक लादी वर, शेजारची खाली, मधे बोटभर फट. मोठ्या चाकाच्या गाड्या जातात कशाबशा, पण स्कूटरचं चाक ते केवढंसं! ते प्रत्येक फटीत उतरतं आणि प्रत्येक लादीवर चढतं, आणि वर बसलेल्याच्या मणक्यांचं पीठ होतं. मी या दगडांना रोज शिव्या घालतो. खरं तर घालू नयेत, कारण मासळीबाजारामागच्या गल्लीतलं माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्यावरच चालतं. पण तोंड आहे माझं, कोणाच्या बापाचं नाही.

मी यानो. चिरीनो मासेवाल्याच्या पोरीचा मी धर्मपिता, म्हणून तो मला कुंपा म्हणतो. ती पोरगी आता तोरिनोला नोकरीला असते. चिरीनोला हळू बोलता येत नाही. चाळीस वर्षं बाजारात ओरडून मासे विकलेत त्याने, त्यामुळे तो कानात काही सांगायला आला तरी चौकात ऐकू जातं.

तर नोव्हेंबरात एके दिवशी तो दुकानाच्या दारात स्कूटर लावून ओरडला, "कुंपा, ही गाडी माझ्या बायकोला मारतेय!"

"गाडी नाही मारत," मागच्या सीटवरून व्हेनेरा म्हणाली. "याचं चालवणं मारतं. खड्डा दिसला की हा विचारपूस करायला आत जातो."

व्हेनेरा परकर घालायची तेव्हापासून मी तिला ओळखतो. आमची घरं एका जिन्यावर होती. तिच्या तोंडाला लागायची माझी कधीच छाती झाली नाही.

त्या उन्हाळ्यात तिला हाडांचं दुखणं निघालं होतं. वरचं नाही, हाडांच्या आतलं. टेकडीवरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. व्हेनेराने ते ऐकलं, चिरीनोने ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात एकच बसलं की हाडं नाजूक झालीत, हादरे बसता कामा नयेत. म्हणजे हादरे बंद केले की दुखणं बंद. आणि हादरे बंद करणारा डॉक्टर कोण, तर मी! दर आठवड्याला तिला औषध चढवायला वर न्यावं लागायचं. इस्पितळाची गाडी घरी यायला तयार होती, पण व्हेनेराच नको म्हणाली.

"त्या गाडीत आडवं घालून नेतात," ती म्हणाली. "मला अजून बसता येतंय. मी बसून जाईन."

मी स्कूटरखाली वाकून पाहिलं. मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग उरली होती, आतलं तेल कधीच गळून गेलेलं. मी तो काढून फेकला आणि नवा, चांगल्यातला बसवला. त्याच्यावर एक चकती असते, आट्यांवरून वरखाली फिरणारी. आवळली की स्प्रिंग दाबली जाते, जड माणसासाठी. सैल केली की हलक्या माणसासाठी. स्प्रिंग माणसाच्या वजनाची लावायची असते, चपलेच्या मापासारखी. जड माणसाच्या स्प्रिंगवर हलकं माणूस बसवलंत तर ती दबणारच नाही, आणि दगडाचा सगळा दणका सरळ वर जाईल.

मी दोघांना सीटवर बसवलं आणि मागचा भाग किती खाली येतो ते बोटं लावून पाहिलं. दोन बोटं बसला. झकास! दोन बोटं बसायलाच हवा. पुढच्या आठवड्यात चिरीनो आला तो मला मिठी मारून, दोन्ही गालांचे मुके घेऊन, कागदात गुंडाळलेल्या चांदीसारख्या मासोळ्या देऊन गेला.

"लोण्यावरून गेलो, कुंपा, लोण्यावरून!"

"तुमचं लोणं जरा खडबडीत असतं," व्हेनेरा म्हणाली, पण हसली. तिला बरं वाटलं होतं, तेवढं मला दिसलं.

नाताळाच्या आधी तो परत हजर. "स्प्रिंग कडक झाली. तिला दणके बसतायत."

"नवी स्प्रिंग कडक कशी होईल?"

"ते मला काय विचारतोस? मी मासे विकतो. शिळा निघाला तर मी बदलून देतो."

मी त्यांना बसवलं, बोटं लावली. एकच बोट. म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल माझी. चकती सैल केली, दोन बोटं करून दिली. जानेवारीत पुन्हा तेच. यावेळी मी टायर रुंद घातला, त्यात हवा कमी ठेवली, सीटखाली नवा जाड फोम भरला. पंधरवड्यात पुन्हा तेच. मग मी आख्खी स्प्रिंगच बदलली, बारीक तारेची घातली. चिरीनो दर खेपेला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. भंगार विकतोस, चोर आहेस, तुझ्या मालाला मासळीबाजारात कोणी मांजरही तोंड लावणार नाही. मी ऐकून घेत होतो.

कारण तोवर मला भलतीच शंका यायला लागली होती. अहो, स्प्रिंग कडक होत नसते! स्प्रिंग म्हातारी झाली तर ढिली पडते, बसकी होते, कडक कधीच नाही होत. ती पुन्हा पुन्हा कमी दबत होती, म्हणजे वरचं वजन कमी होत होतं. चिरीनोचं पोट तर जागच्या जागी होतं, हँडलला टेकलेलं. मग दुसरं कोण राहिलं?

आणि मी मूर्खासारखा बोलून गेलो. "चिरीनो, व्हेनेराचं वजन उतरलंय का रे?"

व्हेनेरा तेव्हा समोरच्या कॉफीच्या दुकानात बसली होती. चिरीनोने एकदा रस्त्यापलीकडे तिच्याकडे पाहिलं. मग तो फुटला.

"तू नटबोल्ट बघ! माझ्या बायकोचं वजन मला सांगतोस? मला? मासा हातात घेतला की डोळे मिटून किलो सांगणारा माणूस मी! अख्ख्या बाजाराला विचार!"

ते मात्र खरं होतं. बाजारात त्याच्या हाताला काट्यापेक्षा जास्त मान होता. आणि दर नाताळात दुकान आवरताना तो व्हेनेराला ट्यूना तोलायच्या काट्यावर उभी करायचा, गंमत म्हणून. सगळा बाजार टाळ्या पिटायचा. बासष्ट किलो, कधी त्रेसष्ट, आणि मग "यंदा माल चांगला!" म्हणून हा ओरडायचा आणि ती त्याला ओल्या फडक्याने बडवायची. यंदा नाताळात ती बाजारात आलीच नव्हती. इस्पितळात दर खेपेला तिचं वजन करत, पण चिरीनो आत जात नसे. बाहेर स्कूटरपाशी उभा राहायचा, चोरीला जाईल म्हणायचा. असली स्कूटर कोण चोरणार, कपाळ!

"ठीक आहे," तो म्हणाला. "आगाताला मी तिच्या वजनाची मेणबत्ती बोललोय. रविवारी मेणबत्तीवाल्या डॉन फिलादेल्फोच्या काट्यावर तिला बसवतो. तूही ये. आणि बासष्ट भरले ना, तर तुझी ही लहान पोरांच्या झोपाळ्याची स्प्रिंग तुझ्याच दुकानाबाहेर फेकीन."

आमची आगाता म्हणजे गावाची संतीण. फेब्रुवारीत तिची जत्रा भरते. घरात कोणी आजारी असलं की आमच्याकडे त्या माणसाच्या वजनाइतक्या मेणाची मेणबत्ती बोलतात आणि ती पेटती खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चालतात. त्यात हातचलाखी चालत नाही. मेण कमी आणलं म्हणजे संतिणीकडे तेवढं माणूस कमी मागितलं. चिरीनोला त्याची बायको पुरी हवी होती, बासष्टच्या बासष्ट.

दोन दिवसांनी दुपारी, चिरीनो बाजारातून येऊन झोपला असताना, व्हेनेरा एकटी माझ्या दुकानात आली. भिंतीला धरून धरून आली. मी धावत जाऊन तिला स्टुलावर बसवलं. तिच्या हातावर तिच्या आईचा जुना तपकिरी कोट होता, घोट्यापर्यंत येणारा. तोही तिला जड होत होता.

"यानो, तुझ्याकडे जड काय आहे?"

"जड म्हणजे?"

"लहान पण जड. शिसं, लोखंड, काहीही. या कोटाचं अस्तर मी उसवून आणलंय."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी म्हणालो, "वेडी झालीस काय?"

"तूच बोललास ना त्याला वजनाबद्दल? मग आता निस्तर." ती भांडत नव्हती, समजावून सांगत होती. "तेव्हापासून तो रात्रीचा झोपत नाही. ताटातलं माझ्या ताटात ढकलतो आणि मी किती खाल्लं ते बघत बसतो. काट्यावर आकडा दिसला तर तो जागीच बसेल, यानो. जत्रा होऊ दे. त्याला मेणबत्ती घेऊन चालू दे. मग सांगेन मी."

"किती कमी भरतं?"

तिने इस्पितळातला आकडा सांगितला. तो मी कोणाला सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही.

चाकं सारखी तोलायला आम्ही शिशाच्या पट्ट्या लावतो. त्या माझ्याकडे डबाभर होत्या. त्या मी कोटाच्या खालच्या घेरात भरल्या, वर दोन दातेरी चाकं आणि जुना पिस्टन. तिने बसल्या बसल्या अस्तर शिवलं. सुई ओवायला तिला माझी मदत लागली.

"पुरे बासष्ट नको करू," ती म्हणाली. "किलोभर कमी दिसू दे. पुरे दिसले तर त्याला संशय येईल, मासेवाला आहे तो."

रविवारी चिरीनो पुढे गेला आणि मी व्हेनेराला हळूहळू मागून आणलं. कोट मीच हातावर टाकून नेला, खांदा निखळायची वेळ आली. डॉन फिलादेल्फोच्या दुकानाच्या पायरीशी तो तिच्या अंगावर चढवला तेव्हा तिने माझा दंड असा धरला की बोटांच्या खुणा राहिल्या. तिथून काट्यापर्यंत जेमतेम चार पावलं. काट्यावर खुर्ची ठेवलेली होती. ती बसली, कोटाचा घेर खुर्चीभोवती पसरला, आणि तिने श्वास सोडला.

डॉन फिलादेल्फो ऐंशीच्या पुढचा माणूस, जन्मभर मेण ओतून त्याची बोटं गुळगुळीत झालेली. तो वाकला, कोटाचा घेर काट्याच्या बाहेर जाऊ नये म्हणून आत सारला. शिसं त्याच्या हाताला लागलं असणारच. त्याने व्हेनेराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग काट्यावरचं वजन सरकवलं आणि मोठ्याने म्हणाला, "एकसष्ट किलो आणि वर थोडं!"

"ऐकलंस?" चिरीनो एवढ्याने ओरडला की वरच्या मेणबत्त्या हलल्या. "एकसष्ट! आजारी बाई, एक किलो उतरणारच! ऐकलंस का रे, नटबोल्ट?"

"ऐकलं," मी म्हणालो.

त्याने व्हेनेराचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. त्याचे डोळे भरले होते. मी "आत केवढं उकडतंय" असं काहीतरी पुटपुटत कोट काढून घेतला आणि त्यांच्या घरी नेऊन दारामागच्या खुंटीला टांगला. शिसं नंतर काढू, असं आमचं ठरलं होतं.

पण चिरीनोला दम कुठला! मी दुकानात पोचतो तोच तो व्हेनेराला स्कूटरवर घेऊन हजर. "लाव आता. पहिल्यासारखी. पहिली स्प्रिंग, पहिलीच चकती."

"चिरीनो, ती आजारी आहे, थोडी मऊ असली तर..."

"मऊ मऊ करून तूच बिघडवलीस! एकसष्ट किलोच्या बाईला पोराची स्प्रिंग, मग दणके बसणार नाहीत तर काय! आपटते ती खाली!"

मी व्हेनेराकडे पाहिलं. ती स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. तिला काय होणार ते तिला कळत होतं. खोटा आकडा आम्ही काट्यावर चढवला होता, आणि आता तिला त्या आकड्याच्या स्प्रिंगवर बसायचं होतं.

"कर यानो," ती म्हणाली. "तो सांगतो तसं कर."

मी जाड स्प्रिंग परत चढवली. चिरीनो शेजारी उकिडवा बसून बघत होता. मी चकती आवळली तसा त्याने माझ्याच डब्यातला लाल रंग घेऊन चकतीवर आणि खालच्या आट्यांवर सलग एक रेघ ओढली. "हात लावलास तर कळेल मला," तो म्हणाला. दोघं निघाले. कोपऱ्यावर एक लादी कायमची उचललेली आहे, तिच्यावर चाक चढलं आणि व्हेनेरा सीटवरून हातभर उडाली आणि खाली बसली. तिने त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं. मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला.

रात्रभर मनाशी घोकून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. म्हटलं, सांगून टाकू. सांगायचं तर तिला दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर तिची हाडं मोडतात. चिरीनो दुकानावर उभा होता, मनगटापर्यंत बर्फात हात घालून, आणि ओरडत होता, गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवत होता, म्हाताऱ्या बायकांची थट्टा करत होता. उन्हाळ्यापासून त्याचा तो आवाज कोणी ऐकला नव्हता. शेजारचे मासेवाले कौतुकाने बघत होते.

"काय हवं, नटबोल्ट?" त्याने मला विचारलं.

मी तारली घेतली अर्धा किलो आणि घरी आलो. काय करणार होतो मी?

जत्रेच्या दिवशी चिरीनो पांढरा झगा आणि काळी टोपी घालून निघाला. खांद्यावर माणसापेक्षा उंच मेणबत्ती, एकसष्ट किलो आणि वर थोडं. तरुणपणी त्याने मासेवाल्यांचा मोठा दीपस्तंभ, म्हणजे मेणबत्त्यांचा सजवलेला लाकडी मनोरा, मिरवणुकीत वाहिलाय, त्याचं आवाळू अजून खांद्यावर आहे. त्या आवाळूवरच त्याने ती तोलून धरली होती. साठीचा माणूस! पाय लटपटत होते, तोंड लालबुंद झालेलं, वितळलेलं मेण मानेवरून ओघळत होतं. तरी "आपण सगळे भक्तच ना?" असं कोणी ओरडलं की "हो! हो!" करून तो सगळ्यांच्या वर ओरडत होता. व्हेनेरा खिडकीत उशांना टेकून बसली होती. मी तिच्या मागे उभा होतो.

"त्यातलं तुझं शिसं किती रे?" तिने मला हळूच विचारलं.

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. रस्ता मेणाच्या थेंबांनी पांढरा होत चालला होता.

जत्रा संपली की आमच्या गावात निराळाच कारभार असतो. हजारो मेणबत्त्यांचं मेण काळ्या दगडांवर घट्ट बसलेलं. गाड्यांचे टायर किंचाळतात, स्कूटरी साबणावर पाय पडावा तशा आडव्या होतात. म्हणून मेण खरवडून होईतो मिरवणुकीच्या रस्त्यावर दुचाकी चालवायला बंदी असते आणि सगळीकडे लाकडाचा भुसा पसरतात. त्या भुशातून चिरीनो स्कूटर हाताने ढकलत माझ्या दुकानाशी आला. व्हेनेरा मागच्या सीटवर बसलेली. त्याने तिला समोर कॉफीच्या दुकानात उन्हात नेऊन बसवलं, मग आत आला आणि एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत शिशाच्या पट्ट्या होत्या, दोन दातेरी चाकं आणि पिस्टन.

"कोट टांगला होता," तो म्हणाला. "आज सकाळी खुंटी भिंतीतून उपटून खाली आली."

तो हळू बोलत होता. मला पुढे वाकून ऐकावं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चिरीनो, तिनेच मला..."

"माहीत आहे."

"तिचा हेतू..."

"कुंपा, मला माहीत होतं." त्याने पट्ट्या हातात घेतल्या आणि सवयीने तोलल्या. "दर खेपेला तिला उचलून सीटवर बसवतो मी. दर खेपेला! माझ्या हाताला कळत नसेल? हप्त्याहप्त्याला कळत होतं. पण तिकडे काट्यावर फिलादेल्फो एकसष्ट म्हणाला आणि मला इतकं बरं वाटलं रे. म्हटलं, जाऊ दे, माझा हातच म्हातारा झाला असेल."

"मग ती स्प्रिंग का लावायला लावलीस? जाड स्प्रिंग?" मला राग आला होता, लपवला नाही मी. "तिची हाडं, चिरीनो!"

"काटा खरा मानायचा तर स्प्रिंगही तशीच लागणार ना!" तो खाली बसला, तिच्याच स्टुलावर. "तसंच नेलं तिला इस्पितळात. दर दणक्याला तिचे हात माझ्या पोटावर आवळायचे. मी वळून विचारायचो, ठीक ना? ती म्हणायची, लोण्यासारखं."

तो रडायला लागला. समोर उन्हात व्हेनेरा बसली होती, म्हणून मी त्याच्या आणि दाराच्या मधे उभा राहिलो. दुसरं काहीच मला सुचलं नाही.

थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. "आज तिला औषध चढवायचंय. लाव आता तिच्यासाठी. खऱ्या वजनाची."

मी जाड स्प्रिंग उतरवली, बारीक चढवली, लाल रेघ पुसली. चकती सैल करत गेलो. व्हेनेराला आणून दोघांना बसवलं, बोट लावलं. अर्धं बोट. आणखी सैल केली. आणखी. आटे संपले आणि चकती सुटून माझ्या हातात आली.

"आणखी कर," चिरीनो म्हणाला.

"आणखी नाही. संपली."

"मग याहून बारीक स्प्रिंग घाल."

"आहे एक, लहान मोपेडची. पण ती तुझं वजन झेलणार नाही. तू बसलास की तळाला टेकेल, आणि तिला दणके बसायचे ते बसतीलच."

चिरीनोने क्षणभर विचार केला आणि सीटवरून उतरला. "मग मी बसत नाही."

"टेकडीवर आहे इस्पितळ."

"मग? दीपस्तंभ वाहिलाय मी." आता त्याचा आवाज थोडा चढला. "एकटी तिला धरून लाव, कुंपा. तिला किती लागतं तेवढीच. आणि आकडा मला सांगू नकोस. नुसती लाव."

मी मोपेडची स्प्रिंग लावली. व्हेनेरा एकटी सीटवर बसली. मी बोटं लावली. दोन बोटं, बरोबर दोन.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

तिने जागच्या जागी जरा खालीवर करून पाहिलं. "हे आधीच का नाही केलंत? दोन बाप्ये असून."

आम्ही निघालो. चिरीनो हँडल धरून शेजारून, मी मागून ढकलत. मोठ्या रस्त्यावर भुशातून चाकं अलगद जात होती. चौकात पोलीस आडवा आला.

"बंदी आहे. दुचाकी न्यायची नाही."

"चालवतोय का आम्ही?" चिरीनो ओरडला. "आवाज येतोय इंजिनचा? कान आहेत का?"

पोलिसाने व्हेनेराकडे पाहिलं आणि बाजूला झाला. पुढे चढ लागला तसा चिरीनोने पाय बदलला. दीपस्तंभ वाहणारे चालतात तसा तो चालायला लागला, गुडघे किंचित वाकवून, एक लय धरून, प्रत्येक लादीवर आधी आपला पाय ठेवून मग चाक आणून. व्हेनेरा त्या लयीत जराशी डुलत होती. दगड तसेच होते, वरखाली, फटींचे. तिला एकदाही दणका बसला नाही. माझं काम शेवटी नीट झालं होतं आणि तिच्या दुखण्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

अर्ध्या चढावर तिने चिरीनोच्या टोपीवर हात ठेवला. "जड होतेय का रे?"

"जड?" चिरीनो धापा टाकत म्हणाला, हव्या त्यापेक्षा जास्तच धापा टाकत. "भलती जड आहेस तू, बाई! कंबर मोडली माझी! यानोला विचार!"

ती मागे वळून माझ्याकडे बघायला लागली.

"हो ना," मी म्हणालो. "जीव गेला."

मी मागून ढकलत होतो. हाताला जे वजन लागत होतं, ते सगळं स्कूटरचं होतं.